ह्वासाँगचे खून आणि एका राज्याचे दप्तर

गुन्ह्यांचा इतिहास हा राज्यकारभाराच्या इतिहासाचाच एक भाग होय, ही गोष्ट आपल्याकडील इतिहासलेखकांनी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही. ठगांच्या बंदोबस्ताचे एक प्रकरण सोडले, तर चोर, खुनी आणि त्यांच्या मागावर निघालेले शिपाई यांना आपल्या इतिहासग्रंथांत क्वचितच जागा मिळते. वास्तविक एखादे राज्य आपल्या दुबळ्यातील दुबळ्या प्रजाजनास कसे वागविते, हे पाहावयाचे तर तहनाम्यांपेक्षा पोलीसचौकीचे दप्तर उघडणे अधिक उपयुक्त ठरावे. हा विचार आमच्या मनात बळावला तो एका कोरियन चित्रपटामुळे. ‘मेमरीज ऑफ मर्डर’ हे त्याचे इंग्रजी नाव. पुढे ‘पॅरासाइट’मुळे जगभर ख्याती पावलेल्या बाँग जून-हो या दिग्दर्शकाने तो २००३ साली काढला. चित्रपट एका खऱ्या प्रकरणावर आधारलेला आहे, आणि ते प्रकरण चित्रपटाहूनही विलक्षण आहे.

दक्षिण कोरियात, सेऊल राजधानीच्या दक्षिणेस, ग्योंगी प्रांतात ह्वासाँग नावाचा तालुका होता. भातखाचरे, पाण्याचे पाट, मधूनच एखादा कारखाना आणि रात्री अंधारात बुडणाऱ्या पायवाटा, असा तो मुलूख. १५ सप्टेंबर १९८६ रोजी तेथे एकाहत्तर वर्षांच्या एका वृद्धेचा खून झाला. त्यानंतर ३ एप्रिल १९९१ पर्यंत त्याच परिसरात दहा स्त्रिया मारल्या गेल्या. त्यांत वृद्धा होत्या, गृहिणी होत्या, गिरणीकामगार तरुणी होत्या आणि तेरा वर्षांची शाळकरी मुलगीही होती. बहुतेकींवर बलात्कार झाला होता, आणि गळा आवळण्यासाठी त्यांच्याच अंगावरील वस्त्रांचा उपयोग केलेला होता. तपासासाठी खर्ची पडलेले पोलिसांचे मनुष्य-दिवस वीस लाखांच्या वर गेले आणि एकवीस हजारांहून अधिक माणसांची चौकशी झाली. खुनी सापडला नाही. पावसाच्या रात्री लाल वस्त्र नेसलेल्या बाईला तो गाठतो, अशी वदंता पसरली. आत्मसमर्पण न केल्यास हातपाय सडून मरशील, अशी शापवाणी लिहिलेले बुजगावणेही तेथे उभारण्यात आले. विसाव्या शतकाच्या अखेरीस, औद्योगिक प्रगतीचे नगारे वाजत असलेल्या देशात पोलिसांच्या हाती बुजगावणे उरावे, यावरून त्यांची हतबलता ध्यानी यावी.

ही हतबलता केवळ अज्ञानाची नव्हती. ते साल कोणते होते, हे पाहिले पाहिजे. चुन डू-ह्वान या सेनापतीने डिसेंबर १९७९ मध्ये लष्करी बंड करून सत्तेकडे पाऊल टाकले, मे १९८० मध्ये ग्वांगजू शहरातील उठाव रक्तात बुडविला आणि तेव्हापासून राज्य लष्कराच्या मुठीत होते. पोलीसदल मोठे होते, शिस्तबद्ध होते. परंतु त्याचे तोंड विद्यार्थ्यांकडे आणि कामगारांकडे वळविलेले होते. पहिला खून झाला त्यानंतर पाचच दिवसांनी सेऊलमध्ये आशियाई क्रीडास्पर्धांचे उद्घाटन झाले. आठवा खून झाला १६ सप्टेंबर १९८८ रोजी, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच राजधानीत ऑलिंपिकची ज्योत पेटली. जगाचे डोळे जेथे लागले होते, तेथून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर बायका सूर्यास्तानंतर घराबाहेर पडण्यास धजत नव्हत्या.

त्याच काळातील आणखी दोन घटना येथे सांगितल्या पाहिजेत. १९८६ च्या जून महिन्यात बुचॉन येथील पोलीसठाण्यात एका तरुण कामगार कार्यकर्तीवर अधिकाऱ्यानेच लैंगिक अत्याचार केल्याचे प्रकरण उघडकीस आले. पुढे जानेवारी १९८७ मध्ये पार्क जाँग-चुल हा विद्यार्थी पोलिसांच्या कोठडीत पाण्यात बुडवून केलेल्या छळाने मरण पावला. चौकशी करणाऱ्याने टेबलावर हात आपटला आणि त्या धक्क्याने तो मेला, असे पोलिसांनी जाहीर केले होते! हे असत्य फुटले, त्याच वर्षी जून महिन्यात लक्षावधी लोक रस्त्यांवर आले, आणि २९ जून रोजी थेट निवडणुका मान्य करणे सरकारला भाग पडले. म्हणजे ह्वासाँगमध्ये खुन्याचा माग काढणारे पोलीस आणि सेऊलमध्ये विद्यार्थ्यांना पाण्यात बुडविणारे पोलीस हे एकाच कारभाराचे नोकर होते, आणि त्यांना ठाऊक असलेली तपासाची पद्धतही एकच होती.

चित्रपटाचे श्रेय हे की हा संबंध त्याने भाषणे न करता दाखविला आहे. खाणावळीत शिपाई जेवत असतात आणि कोपऱ्यातील दूरचित्रवाणीवर बुचॉनची बातमी चाललेली असते. खुनी पुन्हा हल्ला करणार, अशी खात्री झालेला अधिकारी कुमक मागतो. उत्तर येते की सारी दले सुवॉन शहरी मोर्चा मोडावयास गेली आहेत. हवाई हल्ल्याच्या तालमीसाठी भोंगा वाजतो, गावातील दिवे एकामागून एक मालवले जातात, दुकानांच्या फळ्या पडतात, आणि त्या सरकारी अंधारात एका मुलीचा जीव जातो. प्रजेच्या संरक्षणार्थ म्हणून केलेल्या काळोखाचा लाभ खुन्याने घ्यावा, याहून बोचक भाष्य आम्हांस सुचत नाही. गावठी फौजदाराची भूमिका साँग काँग-हो या नटाने केली आहे. माणसाच्या डोळ्यांत पाहून आपण गुन्हेगार ओळखतो, अशी या फौजदाराची घमेंड. त्याचा एक सहकारी आरोपीला लाथा मारण्यापूर्वी बुटावर कापडी वेष्टण चढवितो. एका मंदबुद्धी मुलाला दरडावून, मारून, मग खाऊपिऊ घालून आणि नकली कंपनीचे बूट भेट देऊन कबुलीजबाब पढविला जातो. प्रेक्षक हसतात. चांगल्या चित्रपटात हसू येते आणि मग हसल्याची लाज वाटते. येथे तसे होते.

चित्रपट निघाला तेव्हा त्याच्या कर्त्यांना जे ठाऊक असणे शक्य नव्हते, ते मात्र अधिक भयंकर निघाले. आठवा खून इतरांहून निराळा होता. तेरा वर्षांची ती मुलगी शेतात नव्हे, आपल्या घरात, आपल्या अंथरुणावर मारली गेली. म्हणून हे कृत्य दुसऱ्या कोणाचे, असा पोलिसांचा ग्रह झाला. जुलै १९८९ मध्ये शेतीची अवजारे दुरुस्त करणारा बावीस वर्षांचा एक गरीब तरुण पकडण्यात आला. लहानपणी झालेल्या पोलिओने त्याचा एक पाय अधू होता. खोलीत सापडलेल्या केसाच्या किरणोत्सर्गी परीक्षेवरून तो केस त्याचाच, असा निर्वाळा देण्यात आला. विज्ञानाचा शिक्का मिळाल्यावर कबुली मिळविणे उरले, आणि झोपू न देता ती मिळविली गेली. खुन्याने आवाराची भिंत ओलांडली, असे पोलिसांचेच म्हणणे होते. लंगडा मनुष्य ती कशी ओलांडणार, हा प्रश्न कोणाच्या टिपणात आला नाही. अपिलात त्याने आपला छळ झाल्याचे सांगितले, ते कोणी मानले नाही. जन्मठेप झाली. सुमारे वीस वर्षे तुरुंगात काढून २००९ साली तो सशर्त सुटला, तो खुनी या नावानेच.

येथे आपल्या कायद्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्याचे पंचविसावे कलम. ते तत्त्व १८६१ च्या फौजदारी प्रक्रियेत आधीच शिरलेले होते, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या नव्या अधिनियमातही ते राखलेले आहे. परक्या सरकारने आपल्याच पोलिसांवर दाखविलेला हा अविश्वास आम्हांस नेहमीच मोठा बोलका वाटत आलेला आहे. कोरियातील कायदाही, आरोपीने नाकारल्यास, पोलिसांनी घेतलेली कबुली बाजूस ठेवी. परंतु तीच कबुली सरकारी अभियोक्त्याच्या कचेरीत कागदावर उतरली, की तिचे वजन वाढे. हा भेद तेथे २०२२ पासून नाहीसा झाला. अर्थात कलम असले म्हणजे कोठडीत मारहाण होत नाही, असे म्हणण्याचे धाडस आपल्या देशातही कोणी करू नये.

आता खऱ्या खुन्याकडे वळू. त्याचे नाव ली चुन-जे. १९६३ सालचा जन्म, ह्वासाँगचाच रहिवासी, जानेवारी १९८६ मध्ये लष्करी सेवेतून मोकळा झालेला. त्याच वर्षी सप्टेंबरात खून सुरू झाले. तो पोलिसांच्या नजरेतून सुटला होता, असेही नाही. तपासाच्या काळात तीन वेळा त्याची चौकशी झाली होती. परंतु गुन्हेगाराचे रक्त ‘बी’ गटाचे, असे तपासयंत्रणेने ठरवून टाकले होते, आणि लीचे रक्त ‘ओ’ गटाचे होते. बुटाचे मापही जुळले नाही. एकदा एक गृहीत फाईलवर चढले, की पुढील प्रत्येक टिपण त्याच्या आधाराने लिहिले जाते आणि मूळ कागद तपासून पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. ज्यांचे आयुष्य फायलींत जाते, त्या आमच्या वाचकांना हे निराळे सांगावयास नको. जनुकीय परीक्षेची सोय तेव्हा कोरियात नव्हती. नमुने जपानला पाठवावे लागले. चित्रपटात ते अमेरिकेला जातात आणि तेथून येणाऱ्या लखोट्याची वाट पाहण्यात दोन माणसे खचून जातात.

जानेवारी १९९४ मध्ये लीने चॉंगजू येथे आपल्या मेहुणीवर बलात्कार करून तिचा खून केला. त्या गुन्ह्यात त्याला प्रथम फाशीची आणि पुढे जन्मठेपेची शिक्षा झाली. पुढील पंचवीस वर्षे तो तुरुंगात होता. म्हणजे चित्रपट प्रदर्शित झाला, पन्नास लाखांवर लोकांनी तो पाहिला, खुनी कोठे असेल यावर देशभर तर्क लढविले गेले, तेव्हा तो सरकारच्याच ताब्यात बसलेला होता.

दरम्यान मुदतीचा प्रश्न उभा राहिला. कोरियात खुनाच्या गुन्ह्यासही पंधरा वर्षांची कालमर्यादा होती. दहाव्या खुनाची मुदत एप्रिल २००६ मध्ये संपली आणि सारे प्रकरण कायद्याच्या दृष्टीने मृत झाले. आपल्याकडे खुनासारख्या गुन्ह्याला अशी मर्यादा नाही. तेथे ती पुढे पंचवीस वर्षांची झाली आणि २०१५ साली खुनापुरती रद्द करण्यात आली, पण ह्वासाँगला त्याचा उपयोग नव्हता. असे असूनही मुदतबाह्य प्रकरणातील मुद्देमाल कोणी जाळला नाही. बळी पडलेल्या स्त्रियांची वस्त्रे पेट्यांत तशीच राहिली. आम्हांस या कथेतील खरा नायक तो अनामिक मुद्देमाल-कारकूनच वाटतो. चित्रपटात त्याला जागा नाही. २०१० मध्ये कैद्यांचे जनुकीय नमुने साठविण्याचा कायदा अंमलात आला. जुलै २०१९ मध्ये जुनी वस्त्रे पुन्हा प्रयोगशाळेत गेली, आणि सप्टेंबरात जाहीर झाले की त्यांवरील खुणा ली चुन-जे याच्याशी जुळतात. त्याने चौदा खुनांची कबुली दिली. त्यांत तो आठवाही होता.

अधू पायाच्या त्या मनुष्याचा खटला पुन्हा चालला. नोव्हेंबर २०२० मध्ये ली साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि आपण इतका काळ सापडलो कसे नाही, याचे आपल्यालाच आश्चर्य वाटते, असे त्याने सांगितले. चित्रपट पाहिला होता. केवळ चित्रपट म्हणून पाहिला, काही वाटले नाही, असेही तो म्हणाला. खुनी कधीतरी प्रेक्षागारात येईल, या कल्पनेने दिग्दर्शकाने अखेरचे दृश्य रचले होते: नोकरी सोडून विक्रेता झालेला तो फौजदार पहिल्या प्रेताच्या जागी येतो. नुकताच दुसरा एक मनुष्यही येथे डोकावून गेला, असे एक मुलगी त्याला सांगते. कसा होता दिसावयाला? चारचौघांसारखा. आणि फौजदार पडद्यावरून सरळ आपल्याकडे पाहू लागतो. ते पाहणे व्यर्थ गेले म्हणावयाचे. १७ डिसेंबर २०२० रोजी सुवॉनच्या न्यायालयाने त्या निरपराध्यास मुक्त केले आणि न्यायसंस्थेच्या वतीने त्याची क्षमा मागितली. त्याला छळून कबुली घेणाऱ्या पोलिसांवर मात्र खटला चालविता आला नाही. त्यांच्याही गुन्ह्याची मुदत टळून गेली होती.

प्रकरणाच्या नावातील गावाचा कलंक पुसावा, अशी ह्वासाँगच्या रहिवाशांची मागणी होती. डिसेंबर २०१९ मध्ये पोलिसांनी त्याला खुन्याचे नाव दिले. तालुका आता शहर झाला आहे, खाचरांवर उंच इमारती आणि कारखाने उभे आहेत. लीने कबूल केलेल्या खुनांपैकी एक १९८९ सालच्या जुलैत शाळेतून परतताना नाहीशा झालेल्या मुलीचा होता. तिचे अवशेष तेव्हाच पोलिसांच्या हाती लागले होते आणि त्यांनी ते दडविले, असे तीस वर्षांनी निष्पन्न झाले. तोवर तिचे आईबाप ती हरवली आहे असे समजून वाट पाहत होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये, पूर्वी जेथे टेकाड होते आणि आता सार्वजनिक बाग आहे, तेथे यंत्रे लावून जमीन धुंडाळण्यात आली. बापाने तेथे फुले वाहिली. जमिनीचा चढउतार पार पालटलेला होता. काही सापडले नाही.