मालकी आणि हिशेब

नागपूर ही राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेशात गेला. त्याच वर्षी जूनमध्ये हिंदू वारसा कायदा अमलात आला होता. १९३७ च्या कायद्याने विधवेस पतीच्या मिळकतीत दिलेला वाटा केवळ हयातीपुरता होता. १९५६ च्या कायद्याने स्त्री आपल्या मिळकतीची संपूर्ण स्वामिनी झाली.

परंतु कागदावर मालकी आली, म्हणजे हिशेब हाती आला असे नव्हे. मध्य प्रदेश सरकारने २००७ मध्ये लाडली लक्ष्मी योजना सुरू केली. बारावीच्या परीक्षेस बसलेल्या, अठरा वर्षांच्या आत विवाह न झालेल्या कन्येस एकविसाव्या वर्षी एक लाख रुपये देण्याची तीत तरतूद आहे. बालाघाटच्या महाविद्यालयीन विद्यार्थिनीच्या नावे अशी रक्कम जमा होईलही. पण पासबुक कोणी वाचावयाचे, पित्याने की पुत्रीने? आपला जमाखर्च तिने स्वतः मांडला, तरच कायद्याने दिलेले स्वामित्व सार्थ होईल.