काळी मोजली, पांढरी राहिली

एसटीत बसल्यावर नेटवर्क जातं आणि एपिसोड अर्ध्यात अडकतो, अशी तक्रार करणाऱ्यांसाठी हा लेखी मजकूर. बोललो तेच आहे, फक्त "अं" आणि "म्हणजे" काढून टाकलेत.

आजचा विषय घरातलाच आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. सिबिल चांगलं, पगार वेळेवर. जेवणाच्या सुट्टीत मोबाईल बघितला तरी फ्लॅटसाठी चाळीस लाखांच्या लोनचा मेसेज आलेला असतो. पण भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावात आई-वडिलांचं घर पाडून दोन खोल्या आणि वर स्लॅब टाकायचा, म्हणून नऊ लाख मागायला गेलो, तर बँकेतल्या साहेबांनी फाइल नीट उघडलीसुद्धा नाही. "नमुना आठ चालत नाही. प्रॉपर्टी कार्ड आणा." आमच्या वडिलांनी पंधरा वर्षं पीककर्ज घेतलंय आणि फेडलंय. ट्रॅक्टर पाहिजे असता तर शोरूमवाल्यानंच कागद भरून दिले असते.

मला राग आला. मग सवयीप्रमाणे बग कुठून आला ते शोधत मागे मागे गेलो, आणि थेट निजामाच्या काळात पोचलो.

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे जुने दोन भाग. काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत. पांढरी म्हणजे जिथं घरं आहेत ती जागा, आजच्या सरकारी भाषेत गावठाण. गाव उठून गेलं तरी पडक्या भिंतींच्या मातीवरून तिथं पांढरी होती हे म्हाताऱ्या माणसांना लगेच कळतं.

आता राजाला पैसा कुठून मिळायचा? काळीतून. म्हणून काळी मोजली गेली, पुन्हा पुन्हा मोजली गेली. आपल्या शेजारी खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बसून मलिक अंबरानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जमिनीचा कस बघून सारा ठरवण्याची पद्धत बसवली. पुढे निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली आणि १८७० च्या दशकात मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमीन मोजणी सुरू झाली. सर्व्हे नंबर पडले, दगड रोवले गेले. निजामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ ला संपलं, तरी १९५४-५५ मध्ये खासरा पाहणी झाली ती पुन्हा शेताचीच. ते खासरा पत्रक आजही जमिनीच्या भांडणात पहिलं बाहेर निघतं. कुणबी नोंदींच्या निमित्तानं २०२३ पासून अख्ख्या मराठवाड्यानं जुनी दफ्तरं उपसली, त्यामुळे हे शब्द आता आपल्या पिढीलाही पाठ आहेत.

पांढरीवर मात्र शेतासारखा सारा नव्हता, म्हणून ती मोजायची घाई कुणालाच नव्हती. गावठाणाला बाहेरून एक हद्द, आत सगळं मोकळं. कुणाचं घर कुठून कुठपर्यंत हे गावाला माहीत, शेजाऱ्याला माहीत, कागदाला माहीत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर शेताच्या टेबलात प्रत्येक ओळीला प्रायमरी की आहे, घराच्या टेबलात तो कॉलमच नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम १२६ प्रमाणे गावठाण मोजण्याची सोय आहे. पण प्रत्यक्षात मोजणी झाली ती साधारण दोन हजारांवर वस्ती असलेल्या गावांची. बाकीची राहिली. १ मे १९८१ ला जालना वेगळा जिल्हा झाला, नवीन कलेक्टर ऑफिस आलं, पण छोट्या गावांची पांढरी तशीच.

मग घराचा कागद म्हणून हातात काय असतं? ग्रामपंचायतीचा नमुना ८. (तलाठ्याकडचा ८-अ वेगळा, तो शेताचा. मी स्वतः पहिल्यांदा चुकीचा घेऊन गेलो होतो.) नमुना ८ म्हणजे घरपट्टी कुणाकडून घ्यायची याची नोंद. ती मालकीचा पुरावा नाही. बँकेचा वकील हे एका ओळीत लिहून मोकळा होतो, आणि कायद्यानं त्याचं बरोबर आहे.

आता दुसरी बाजू बघू, कर्जाची. गावाकडे सरकारी किंवा बँकेचा पैसा कशासाठी आला? ब्रिटिश मुलखात १८८३ आणि १८८४ च्या दोन कायद्यांखाली तगाई दिली जायची: विहीर, बांधबंदिस्ती, बियाणं, बैल. स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेनं १९५१ मध्ये ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखाली ग्रामीण कर्जाची देशभर पाहणी केली. आपले धनंजयराव गाडगीळ त्या समितीत होते. १९५४ मध्ये अहवाल आला. शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३ टक्क्यांच्या आसपास, व्यापारी बँकांचा १ टक्कासुद्धा नाही, आणि सावकारांचा जवळपास ७० टक्के. त्यातून सोसायट्या वाढल्या, भूविकास बँक आली, १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ पासून ग्रामीण बँका निघाल्या, १९९८ मध्ये किसान क्रेडिट कार्ड आलं. सगळं चांगलंच झालं. पण सगळ्याचा पाया सातबारा, म्हणजे काळी. किसान क्रेडिट कार्डात घरखर्चासाठी पिकाच्या रकमेच्या १० टक्के धरलेले असतात. त्यात घर बसत नाही, फार तर घराचा रंग बसेल.

एक प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. घराला कर्ज मिळत नव्हतं, तर शेकडो वर्षं लोकांनी घरं बांधली कशी? उत्तर आजीच्या बोलण्यात होतं. घराला रोख पैसा फार लागतच नव्हता. भिंत गावच्या मातीची, लाकूड बांधावरच्या बाभळी-लिंबाचं, वर माळवद, त्यावर पांढरी माती. सुताराला बलुतं. भिंत उचलायला भावकी आणि शेजार, आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे. दरवर्षी पावसाळ्याआधी माळवदावर मातीचा थर द्यायचा, झालं. घर म्हणजे काम होतं, खर्च नव्हता.

खर्च नंतर झाला. झाडं कमी झाली, बलुतं संपलं, मजुरी रोख झाली. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदं यांच्याखाली माणसं गेली. किल्लारी जालन्यापासून लांब आहे, पण भीती अख्ख्या मराठवाड्यात पोचली. आमच्या घरचं माळवद त्यानंतरच निघालं आणि पत्रे आले. पत्रा म्हणजे विकत. सिमेंट म्हणजे विकत. सळई म्हणजे विकत, आणि ती तर आमच्याच जालन्याच्या एमआयडीसीत बनते, साऱ्या महाराष्ट्रात जाते. ज्या जिल्ह्यात सळई तयार होते तिथल्या माणसाला सळईसाठी उधारी करावी लागते, हे मला दर वेळी खटकतं.

किल्लारीत अजून एक गोष्ट घडली, ती मात्र फारशी सांगितली जात नाही. ५२ गावं दुसरीकडे हलवून नवीन बांधली, ती सगळ्यांना माहीत आहेत. पण त्याच्या पलीकडे सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांनी स्वतः उभं राहून केलं. पैसे टप्प्यानं मालकाच्या हातात, इंजिनिअर येऊन काम बघणार, मग पुढचा टप्पा. जागतिक बँकेचं कर्ज मागे होतं. म्हणजे गावचा माणूस स्वतः घर बांधू शकतो आणि त्याला टप्प्यानं पैसा देता येतो, हे मराठवाड्यातच तीस वर्षांपूर्वी करून बघितलेलं आहे. माझ्या मते बँकांनी शिकण्यासारखं खरं उदाहरण हेच होतं. नाही शिकले.

सरकारची घरकुलं आहेतच. १९८५-८६ मध्ये इंदिरा आवास सुरू झाली, २०१६ मध्ये तिची प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण झाली. सपाट भागात १ लाख २० हजार, शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. किमान २५ चौरस मीटरचं घर. यादीत नाव असलेल्यांना हा फार मोठा आधार आहे, त्याची चेष्टा मी करणार नाही. योजनेत वरचे पैसे लागले तर ७० हजारांपर्यंत बँक कर्जाची सोयही लिहिलेली आहे. पण ते कर्ज मागायला गेलं की पुन्हा तोच काउंटर आणि तोच नमुना ८. आणि आमच्यासारखे, ज्यांचं यादीत नाव नाही आणि कागदही नाही, ते मधेच लटकतात. १९९७ मध्ये नॅशनल हाउसिंग बँकेनं स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ग्रामीण घरकर्जाची योजना काढली होती. आमच्या गावात त्या योजनेचं नाव ऐकलेला माणूस मला तरी भेटला नाही.

कुणी म्हणेल, मग शेतात बांधा ना घर, सातबारा तर आहे. तिथं दुसरं कुलूप. २००२ च्या सरफेसी कायद्यानं बँकेला कोर्टात न जाता तारण जप्त करता येतं, पण कलम ३१ प्रमाणे शेतजमीन त्यातून वगळली आहे. शेतकऱ्याचं शेत असं सहज जाऊ नये म्हणून केलेली ती चांगली तरतूद. पण बँक तिच्याकडे बघून म्हणते, मग आधी एनए करून आणा. एक-दोन गुंठे विकत घ्यावेत तर वर्षानुवर्षं तुकडेबंदी आडवी. म्हणून शंभर रुपयांच्या बॉन्डवर गुंठे विकले गेले, त्यावर घरं उभी राहिली, आणि ती घरंही बँकेच्या दृष्टीनं हवेत आहेत.

तरी घरं होतातच. कशी होतात ते जालन्यात कुठल्याही रस्त्यानं जाताना दिसतं. खालची खोली राहती, वर पिलरच्या सळया तशाच आकाशाकडे सोडलेल्या. पहिल्या वर्षी कापसाच्या पैशात पाया. मग मोसंबीचा भाव लागला तर भिंती. बायकोचं सोनं ठेवून स्लॅब. प्लास्टर बचत गटाच्या कर्जातून. अंबड-घनसावंगीकडे ऊसतोडीला जाणाऱ्या घरात मुकादमाची उचल पत्र्यात जाते, आणि ती फेडायला पुढचा हंगाम कोयता हातात. अशा घराचं व्याज कधी कुणी एकत्र मोजत नाही. मी आमच्या चुलत्यांच्या घराचं एक्सेल शीट करून बघितलं. दुकानदाराची उधारी, सोनं तारण, गट, हातउसने, सगळं धरून त्यांना घर माझ्या पुण्यातल्या मित्राच्या होम लोनपेक्षा कितीतरी महाग पडलं होतं. चुलत्यांना शीट दाखवलं नाही.

आता ड्रोन. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात महाराष्ट्रानं ड्रोननं गावठाण मोजून बघितलं आणि २४ एप्रिल २०२० ला केंद्रानं स्वामित्व योजना आणली. भारतीय सर्वेक्षण विभाग वरून फोटो काढतो, भूमी अभिलेख खातं चौकशी करतं, मग सनद आणि मिळकत पत्रिका. १८ जानेवारी २०२५ ला एका दिवसात देशभर ६५ लाख कार्डं वाटली. पांढरी शेवटी मोजली जातेय, मला याचा मनापासून आनंद आहे.

पण पेरू देशाचं उदाहरण डोक्यातून जात नाही. तिथं १९९६ पासून शहरांच्या कडेच्या वस्त्यांमध्ये लाखो घरांना मालकीचे कागद दिले. हेर्नांदो द सोतो नावाच्या अर्थतज्ज्ञाचं म्हणणं होतं की कागद मिळाला की गरिबाच्या घरावर भांडवल उभं राहील. नंतर अभ्यासकांनी तपासलं, तर खासगी बँकांची कर्जं फारशी वाढलेली नव्हती. बँकेला कागदाबरोबर उत्पन्नाचा पुरावाही लागतो. आमच्याकडे तर शेतीच्या उत्पन्नाचा आयटीआर नसतो. आणि ड्रोनला घर दिसतं, वाटणी दिसत नाही.

आमचं कार्ड आलं मागच्या दिवाळीत. त्यावर धारक म्हणून आजोबांचं नाव आहे. आजोबा २००९ मध्ये गेले. आता वारस नोंद, तीन चुलते, दोन आत्या. त्यातली एक आत्या सुरतेला. तोंडी वाटणी होऊन तीस वर्षं झाली, भांडण कुणाचंच नाही, पण सह्या सगळ्यांच्या लागतात. आईनं मधेच विचारलं, "यात माझं नाव कुठं येणार?" मी म्हटलं, बघतो.

सुरतेची आत्या एप्रिलमध्ये यात्रेला येणार आहे. तोपर्यंत वडिलांनी विटा उतरवून घेतल्यात, उधारीवर.