‘मेद’ आणि ‘कोलेस्टेरॉल’ : एका पर्यायशब्दाचा इतिहास

भाषांतराच्या इतिहासाचा विचार करताना साहित्याचे अभ्यासक वैद्यकीय संहितांकडे सहसा वळत नाहीत. वस्तुतः प्राचीन वैद्यकातील एखाद्या संज्ञेला आधुनिक पर्याय मिळाला की त्या पर्यायाच्या आधारे प्रयोग होतात, औषधे तयार होतात आणि रुग्ण ती घेतात. काव्याच्या भाषांतराला हे भाग्य, अथवा दुर्भाग्य, क्वचितच लाभते. ‘मेद’ म्हणजे ‘कोलेस्टेरॉल’ हे समीकरण या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

या दोन शब्दांची कुळे अगदी भिन्न आहेत. पित्ताशयातील खड्यांत सापडलेल्या पदार्थाला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेवरल याने एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ‘पित्त’ आणि ‘घन’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून नाव दिले. ‘मेद’ हा सप्तधातूंपैकी चौथा. मांसानंतरचा आणि अस्थीच्या आधीचा. त्याचे सख्य पित्ताशी नसून कफाशी आहे. म्हणजे ज्या शब्दाच्या पोटात पित्त दडले आहे, तोच कफवर्गीय धातूचा पर्याय म्हणून रूढ झाला. व्युत्पत्तीवरून वैद्यकाचा निवाडा होत नाही हे खरे. परंतु दोन्ही शब्द एकाच वस्तूची नावे नाहीत, एवढी सूचना त्यातून मिळते.

या समीकरणाचा मूलाधार सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात आहे. कफकारक आहार, आधीचे अन्न पचण्यापूर्वी पुन्हा जेवणे, व्यायामाचा अभाव आणि दिवसाची झोप यांमुळे अपक्व, मधुरप्राय अन्नरस शरीरात संचार करतो व मेद वाढवितो. कफ आणि मेद यांनी मार्ग अडले की पुढच्या धातूंचे पोषण थांबते आणि प्रमेहपिडका, विद्रधी, वातविकार असे उपद्रव उद्भवतात, असे तेथे प्रतिपादन आहे. उपायही एकटादुकटा नाही. शिलाजित, गुग्गुळ, गोमूत्र, त्रिफळा, लोहचूर्ण, मध, यव, मूग, कोद्रू, सावा यांसारखी रूक्ष, छेदन करणारी द्रव्ये, त्यांच्या जोडीला व्यायाम आणि लेखनबस्ती असा तो संपूर्ण दिनक्रमच आहे. चरकाने अतिस्थूलाच्या चिकित्सेत गुळवेल, नागरमोथा, त्रिफळा, मध, वावडिंग इत्यादी सांगितली असली तरी विचाराची घडण तीच आहे.

‘मार्ग अडणे’ या कल्पनेने विसाव्या शतकातील एका संशोधकाचे लक्ष वेधले. बनारस हिंदू विश्वविद्यालयात जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात सुश्रुताचे हे वर्णन धमनीकाठिण्याच्या आधुनिक वर्णनाशेजारी ठेवले, आणि उपायांच्या त्या लांब यादीतून गुग्गुळ निवडून सशांवर त्याची परीक्षा घेतली. रक्तातील कोलेस्टेरॉल उतरल्याचे निष्कर्ष १९६९ मध्ये शोधनिबंधरूपाने आले. सत्यवती पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या महासंचालक झाल्या. संहितेतील एक परिच्छेद गृहीतक म्हणून वाचण्याचे त्यांचे धैर्य मोठे होते, आणि या क्षेत्रातील वाचनाचा तो एक उत्तम नमुना आहे. परंतु प्रत्येक वाचनात काही निवडले जाते, तसे काही गळतेही. येथे यव-मूग गळाले, व्यायाम गळाला, दिवसाच्या झोपेचा निषेध गळाला.

त्यानंतरची वाटचाल संकोचाची आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत गुग्गुळाचा अर्क काढून ‘गुग्गुलिपिड’ सिद्ध झाले आणि १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते भारतीय बाजारात आले. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्रीय चाचणीत कोलेस्टेरॉलमध्ये सरासरी ११ टक्के घट नोंदविली गेली. द्रव्यातून अर्क निघाला, तसे लक्ष अर्कातून रेणूकडे, म्हणजे गुग्गुलस्टेरोनकडे, वळले. हा रेणू पेशीतील पित्ताम्लांच्या ग्राहकाला विरोध करतो, असे २००२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले. दुसऱ्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. १०३ प्रौढांवर आठ आठवडे चाललेल्या या चाचणीत निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांचे घातक मानले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल ५ टक्क्यांनी उतरले, तर गुग्गुलिपिड घेणाऱ्यांचे ४ ते ५ टक्क्यांनी वाढले. काहींच्या अंगावर पुरळही उठले.

या निष्कर्षावर दोन सोप्या प्रतिक्रिया संभवतात : सुश्रुत खोटा ठरला, किंवा परदेशी चाचणीला आयुर्वेद कळलाच नाही. दोन्ही आळशी आहेत. चाचणीने परीक्षा घेतली ती पर्यायशब्दाची. सुश्रुताचा मेदस्वी मनुष्य डोळ्यांना दिसतो. त्याला धाप लागते, आणि चरकाच्या वर्णनाप्रमाणे अशा माणसाचे पोट, नितंब, स्तन हलतात. वाढलेले कोलेस्टेरॉल मात्र कृश माणसाच्या रक्तातही असू शकते, आणि रक्ततपासणीवाचून ते कळत नाही. चरकाने प्रमेहाच्या संदर्भात सांगितलेला ‘अबद्ध मेद’ पुढे करून हे अंतर बुजविण्याचा प्रयत्न आयुर्वेदाच्या आधुनिक अध्यापनात होतो. तो कल्पक आहे, पण तेही भाषांतरच. मात्र या युक्तिवादाचा आडोसा घेऊन गुग्गुळाला कोलेस्टेरॉलवरील औषध म्हणून विकत राहणे समर्थनीय नाही. रक्तातील आकडा उतरविण्याचा दावा केला, की त्या आकड्याची कसोटीही मान्य करावी लागते.

गळालेल्या गोष्टींपैकी एक विशेष उल्लेखनीय आहे. सुश्रुताच्या चिकित्सास्थानात, वातव्याधींच्या प्रकरणात, नवा गुग्गुळ पुष्टी देणारा आणि जुना गुग्गुळ कृश करणारा, असा भेद सांगितला आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाशानेही तो जपला. एकाच नावाच्या द्रव्याला काळानुसार परस्परविरुद्ध गुण देणारी ही दृष्टी प्रमाणित अर्काच्या परिभाषेत बसत नाही. तेथे गुग्गुलस्टेरोनचे शेकडा प्रमाण हाच निकष असतो. हा भेद वास्तविक आहे की नाही, हे प्रयोगानेच ठरेल. पण प्रश्न विचारण्यासाठी आधी तो वाक्यात उरला पाहिजे.

दरम्यान कच्छ-राजस्थानच्या कोरड्या पट्ट्यातील हे काटेरी झुडूप जखमांनी खंगत आहे. डिंकासाठी खोल घाव घातलेली झाडे बहुधा वाळून जातात. संधिवातावरील अनेक कल्पांतही गुग्गुळ लागत असल्याने दोष एकट्या कोलेस्टेरॉलच्या माथी मारता येत नाही. तथापि २०१५ मध्ये या वनस्पतीची नोंद आंतरराष्ट्रीय सूचीत ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात झाली.