फेरे वाढले तेव्हा: खानदेशातील विहिरींवरची इंजिने आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा

खानदेशच्या मध्यातून तापी वाहत असली, तरी तिचे पात्र खोल आणि काठ उंच असल्यामुळे तिचे पाणी पाटाने शेतात वळवणे पूर्वी फारसे शक्य नव्हते. धुळ्याकडच्या पांझरा, कान, बुराई यांसारख्या लहान नद्यांवर बंधारे बांधून, लाभक्षेत्राचे फड पाडून सामुदायिक सिंचन करण्याची जुनी पद्धत रुजली. मात्र १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे विभाजन झाल्यावर पूर्व खानदेश म्हणून ओळखल्या गेलेल्या आजच्या जळगाव जिल्ह्यात, विशेषतः रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात, शेतीचा भार मुख्यतः विहिरीवर आणि तिच्यावरच्या मोटेवर राहिला. मोट खोलवरूनही पाणी काढू शके, परंतु केळीसारख्या बारमाही तहानलेल्या पिकाचा विस्तार अखेर बैलांच्या दमावर अवलंबून असे.

यंत्रशक्ती खानदेशाला नवी नव्हती. जळगावची कापड गिरणी १८७० च्या दशकातच उभी राहिली आणि कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांतही वाफ खेळू लागली; परंतु बॉयलर, त्याचे सरपण आणि त्यावरचा माणूस हा पसारा एका विहिरीला परवडणारा नव्हता. ती जागा तेलावर चालणाऱ्या एक-सिलिंडरी इंजिनाने घेतली. सातारा रोडचा कूपर कारखाना, १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला स्थापन झालेली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि राजकोटचे असंख्य लहान कारखाने यांनी पश्चिम भारतातील विहिरींना ही इंजिने पुरवली. त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार होते: एक, इंग्लंडच्या लिस्टर कंपनीच्या नमुन्यावरचे, दोन अवजड चाकांचे, मिनिटाला ६५० फेऱ्यांत ६ अश्वशक्ती देणारे संथ इंजिन, आणि दुसरे, किर्लोस्करच्या ‘एव्ही-१’ सारखे, १५०० फेऱ्यांत ५ अश्वशक्ती देणारे, आकाराने आटोपशीर आणि चालीने जलद.

या इंजिनांच्या डोक्यावर, म्हणजे हेडमध्ये, हवा आत घेणारा एक आणि धूर बाहेर सोडणारा एक असे दोन व्हॉल्व्ह असतात. कॅम नावाचा उंचवटा पुशरॉड आणि रॉकर यांच्यामार्फत व्हॉल्व्ह उघडतो; तो मिटवण्याचे काम मात्र कॅम करीत नाही, ते सर्वस्वी स्प्रिंगेकडे असते. उघडलेला व्हॉल्व्ह परतताना कॅमच्या उतारावरून न सुटता त्याला चिकटून खाली यावा एवढा जोर स्प्रिंगेत असावा लागतो. तो अपुरा पडला की व्हॉल्व्ह क्षणभर अधांतरी राहतो आणि मग आपल्या बैठकीवर आपटतो. लिस्टर नमुन्याच्या इंजिनात ही सारी रचना उघडी असे, रॉकरला तेलाच्या बुधलीने हाताने तेल द्यावे लागे, आणि त्यामुळे चालवणाऱ्याला आपल्या इंजिनाची स्प्रिंग रोज डोळ्यांसमोर दाबली जाताना दिसत असे.

शक्ती वाढवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे फेरे वाढवणे. त्याच लिस्टर इंजिनाचा ८ अश्वशक्तीचा प्रकार याच हिशेबाने निघाला: सिलिंडरचा ११४.३ मिलिमीटर व्यास आणि दट्ट्याची १३९.७ मिलिमीटर धाव तीच राहिली, फेरे ६५० वरून ८५० झाले. कारखान्याने जे हिशेबाने केले, ते फेऱ्यांवर लगाम ठेवणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग थोडी अधिक ताणून विहिरीवर कोणालाही करता येण्यासारखे होते, आणि पाण्याची पातळी खाली गेलेल्या उन्हाळ्यात तसा मोह होणे अगदी स्वाभाविक होते. कारण केंद्रोत्सारी पंप, म्हणजे पंखा फिरवून पाणी बाहेर फेकणारा पंप, पाणी किती उंच फेकेल हे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात ठरते. फेरे ६५० चे ८५० झाले, की ही उंची सुमारे ७१ टक्क्यांनी वाढते. परंतु व्हॉल्व्हला कॅमवर धरून ठेवण्यासाठी लागणारा जोरही वेगाच्या वर्गानेच वाढतो, म्हणजे तोही ७१ टक्क्यांनीच. पंपाने जे कमावले, ते त्याच दराने स्प्रिंगेकडून वसूल होत होते. इंजिन न छेडता पट्ट्याची पुली बदलूनही पंपाचा वेग वाढवता येई, पण पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढत असल्यामुळे आधीच पुरता भार असलेल्या इंजिनाचा दम त्यात तुटे.

स्प्रिंग तुटते ती बहुधा एका मोठ्या ताणाने नव्हे, तर लहान ताणांच्या अगणित आवर्तनांनी. धातूच्या या थकव्याचा पद्धतशीर अभ्यास एकोणिसाव्या शतकात जर्मनीत ऑगस्ट व्होलर याने रेल्वेच्या आसांवर केला होता. व्हॉल्व्ह दर दोन फेऱ्यांत एकदाच उघडत असल्याने ६५० फेऱ्यांच्या इंजिनात स्प्रिंग तासाला १९,५०० वेळा दाबली जाते. दिवसाला दहा तास पाणी चालले, तर एक कोटी आवर्तने दोन महिन्यांच्या आतच पुरी होतात. तारेला पीळ बसत असल्याने ताण वेटोळ्याच्या आतल्या बाजूस सर्वाधिक असतो आणि तेथे एखादा ओरखडा किंवा विहिरीच्या ओलीने पडलेला गंजाचा खड्डा असेल, तर तडा तेथून सुरू होतो. तुटलेल्या तोंडाकडे नीट पाहिल्यास हा इतिहास वाचता येतो: कडेला तडा हळूहळू सरकला तो गुळगुळीत अर्धचंद्र, आणि उरलेल्या भागात अखेरच्या क्षणी तुटलेले खरखरीत पोलाद. संथ इंजिनात कधीकधी तुटलेले दोन भाग एकमेकांत स्क्रूसारखे शिरून बसतात आणि इंजिन मंद, फुसफुसत का होईना, चालत राहते. जलद इंजिन मात्र अशी सवलत देत नाही. तेथे लोंबकळलेल्या व्हॉल्व्हला दट्ट्या भिडतो आणि एका स्प्रिंगेपायी हेड, दट्ट्या आणि सिलिंडर तिन्ही जातात.

शर्यतीसाठी फेरफार केलेल्या मोटारींची व्यथाही हीच आहे, फक्त तेथे काळ आखडलेला असतो. ७००० फेऱ्यांवर तीच एक कोटी आवर्तने सतत चालल्यास ४८ तासांच्या आत पुरी होतात. शिवाय अधिक उंच आणि अधिक चढ्या उताराचा कॅम बसवला, की स्प्रिंगेच्या वेटोळ्यांतून लाटा धावू लागतात आणि तारेवरचा ताण हिशेबापलीकडे जातो. त्यावरचा एक टिकाऊ उपाय अमेरिकेत १९३० च्या सुमारास पुढे आला: तारेवर पोलादी छऱ्यांचा मारा करून तिचा पृष्ठभाग दाबून ठेवायचा, म्हणजे तडा उमलायलाच जागा मिळत नाही. जनरल मोटर्समधील जॉन आल्मेन यांनी या माऱ्याची तीव्रता मोजण्याची रीत बसवली. पुढे १९८६ मध्ये रेनोने फॉर्म्युला वन इंजिनात पोलादी स्प्रिंगच काढून तिच्या जागी दाबलेला वायू वापरला, हे या प्रश्नाचे श्रीमंतांचे उत्तर होय.

खानदेशात प्रश्न वेगळ्याच वाटेने मिटला. पंप पाणी वर कितीही फेको, ते खालून ओढण्याची मर्यादा हवेच्या दाबाने ठरलेली असते: पुस्तकात १०.३ मीटर, प्रत्यक्षात सुमारे ७ मीटर; तिच्यावर फेऱ्यांचा काहीच इलाज चालत नाही. म्हणून पाणी खाली गेले की विहिरीत टप्पा बांधून पंप, आणि प्रसंगी इंजिनही, खाली उतरवावे लागे, जे कोंडलेल्या धुरामुळे जिवावरचे काम होते. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांच्या बझाडा पट्ट्यात पाणी मुळातच खोल, आणि केळीच्या उपशाने रावेर व यावल हे तालुके भूजलाच्या सरकारी वर्गवारीत अतिशोषित ठरले. तेथे आता बोअरमध्ये सबमर्सिबल पंप सोडतात. त्याची मोटर सेकंदाला ५० आवर्तनांच्या विजेला बांधलेली असल्याने तिचे फेरे कोणाला ताणता येत नाहीत. पाणी आणखी खोल गेले, की पंपात पंख्यांचे टप्पे वाढवतात.