एका खटल्यापुरता वकील

फेब्रुवारी १९६७. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील प्लॅकमिन्स परगण्यात रिचर्ड सोबोल या तरुण वकिलाला अटक झाली. आरोप होता राज्याची सनद नसताना वकिली केल्याचा.

अमेरिकेत सनद राज्यागणिक वेगळी असते. परराज्यातील वकिलाला एखादा खटला लढवायचा असेल, तर त्या खटल्यापुरती न्यायालयाची अनुमती घ्यावी लागते आणि बहुधा स्थानिक वकील जोडीला घ्यावा लागतो. या अनुमतीचे लॅटिन नाव ‘प्रो हॅक व्हिसे’, म्हणजे ‘या वेळेपुरते’. (आपल्याकडे १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टचे कलम ३२ वकील नसलेल्यालाही एखाद्या प्रकरणापुरते उभे राहू देते, पण ती गोष्ट निराळी.)

प्रथा जुनी आहे. १७३५ मध्ये न्यूयॉर्कचा मुद्रक जॉन पीटर झेंगर याच्यावर राजद्रोही बदनामीचा खटला भरला गेला. त्याच्या दोन वकिलांनी न्यायाधीशांच्या नेमणुकीवर आक्षेप घेताच त्यांचीच सनद काढून घेण्यात आली. तेव्हा फिलाडेल्फियाहून अँड्र्यू हॅमिल्टन आला आणि त्याने झेंगरला निर्दोष सोडवले.

परक्या वकिलाची गरज अशाच वेळी भासते. १९६० च्या दशकात मिसिसिपीत नागरी हक्कांचे दावे घेणारे स्थानिक वकील हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. गोऱ्या वकिलाने असा दावा घेतला, तर त्याचे पोट आणि प्रतिष्ठा दोन्ही धोक्यात. म्हणून १९६४ पासून उत्तरेकडचे वकील दक्षिणेत येऊ लागले. त्यांना रोखण्यासाठी हिंसेची गरज नव्हती, प्रवेशाचा नियम कडक केला की पुरे.

सोबोल वॉशिंग्टनमधील काम बाजूला ठेवून न्यू ऑर्लिन्सला आला होता. त्याचा अशील गॅरी डंकन हा १९ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण. एका गोऱ्या मुलाच्या कोपराला चापट मारल्याच्या आरोपावरून त्याला ज्युरीविना ६० दिवसांची कैद आणि १५० डॉलर दंड झाला होता. परराज्यातील वकील ‘तात्पुरता’ आलेला असावा आणि स्थानिक वकिलासोबत असावा, असे लुइझियानाचा कायदा सांगे. सोबोलच्या जोडीला स्थानिक वकील होते. मग सारा वाद ‘तात्पुरता’ या एका शब्दावर येऊन ठेपला.

सोबोलने परगण्याचा सर्वेसर्वा लिअँडर पेरेझ याच्याविरुद्ध संघीय न्यायालयात दिवाणी दावा लावला. केंद्र सरकारही त्याच्या बाजूने उतरले. जुलै १९६८ मध्ये न्यायालयाने त्याच्यावरील फौजदारी कारवाई रोखली. नागरी हक्कांच्या वकिलांना येथे थारा नाही हे दाखवण्यासाठीच ती केली होती, असा निष्कर्ष काढला. डंकनच्या खटल्यातून तर त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने गंभीर गुन्ह्यांत ज्युरीचा हक्क राज्यांनाही बंधनकारक ठरवला होता.

त्याच वर्षी ‘सँडर्स विरुद्ध रसेल’ प्रकरणात पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने मिसिसिपीतील एका संघीय न्यायालयाचा नियमही तपासला. परराज्यातील वकिलाला वर्षातून एकाच प्रकरणात उभे राहू देणारा हा नियम नागरी हक्कांच्या दाव्यांना लागू करता येणार नाही, असे ठरले. वरकरणी शिस्तीची वाटणारी ही अट गरीब अशिलाचा एकमेव वकील काढून घेत होती.

तरीही हा हक्क झाला नाही. १९७९ मध्ये ‘लीस विरुद्ध फ्लिंट’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशी अनुमती राज्यघटनेने दिलेला हक्क नव्हे. ती राज्याच्या मर्जीवर आहे. न्या. स्टीव्हन्स यांनी या निकालाशी असहमती नोंदवली. त्यांनी दिलेल्या दाखल्यांत १७३५ चा हॅमिल्टन होता.