समुद्राच्या पाण्याची नोंदवही

रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. पण समुद्र तर सतत हलतो. मग त्याची सपाटी ठरते कशी, आणि ती वाढते आहे हे कळते कसे? आज आम्ही ही गोष्ट सांगणार आहोत.

मुंबईच्या अपोलो बंदरावरच्या पाण्याच्या पातळीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. जुन्या भरतीमापकाची रचना साधी होती. विहिरीसारख्या कोठीत तरंगता गोळा, त्याला बांधलेली तार आणि घड्याळाबरोबर फिरणाऱ्या कागदावर उमटणारी रेघ. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढते-उतरते. वर्षाची वाढ मात्र मिलिमीटरची. म्हणून एक-दोन वर्षांच्या मापाने काही कळत नाही, अनेक दशकांची वही लागते.

या वहीतही एक गोम आहे. विहिरीचा काठ खचला तर पाणी वर आल्यासारखे वाटते. तसेच किनाऱ्याची जमीन खचली किंवा उचलली गेली तर माप चुकते. शिवाय पाणी तापले की फुगते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील डी. शंकर आणि सतीश शेट्ये यांनी १९९९ मध्ये मांडले, की मुंबईच्या पातळीतले दशकांचे चढउतार देशातल्या पावसाशी जुळतात. नद्यांचे गोडे पाणी मिसळले की किनाऱ्याचे पाणी हलके होते आणि पातळी चढते. आपली गोदावरीही समुद्रालाच मिळते.

ही कारणे वेगळी काढायला शास्त्रज्ञ संगणकावर समुद्र मांडतात. त्याचे खण पाडून वारा, ऊन, पाऊस यांचा हिशेब करतात. हे गणित भरकटू नये म्हणून खऱ्या मापांशी ताडून दुरुस्त करतात. १९९२ पासून उपग्रह पातळी मोजत आहेत. भारत-फ्रान्सचा 'सरल' २०१३ मध्ये गेला. 'आर्गो' तरंगयंत्रे दोन हजार मीटर खोलीपर्यंतचे तापमान आणि खारेपणा कळवतात.

ए. एस. उन्नीकृष्णन आणि शंकर यांनी २००७ मध्ये उत्तर हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवरील जुन्या नोंदी तपासल्या. जमिनीच्या हालचालीची दुरुस्ती गणिताने केली, तेव्हा वर्षाला सरासरी १.२९ मिलिमीटर वाढ निघाली. उपग्रहांच्या काळात जगाची सरासरी तीन मिलिमीटरच्या वर गेली आहे. आकडा लहान दिसतो, पण खाडीकाठच्या कोळीवाड्यांत उधाणाचे पाणी उंबऱ्याशी येते, तिथे बोटभर वाढही जड जाते.

आपल्या गटानेही गावच्या विहिरीची वही सुरू करावी. तारीख, पाण्याची पातळी, पाऊस आणि उपसा, चारही रकाने भरावेत. नुसत्या पातळीवरून पाणी का उतरले ते कळणार नाही.