जुन्या पिकअप ट्रकला पेट्रोलच्या दोन टाक्या का असायच्या? स्विच, काटा आणि रिटर्न लाइनची भानगड

जुने अमेरिकन पिकअप ट्रक पुन्हा नवे करण्याचे व्हिडिओ तुम्ही बघत असाल, तर एक गोष्ट डोळ्यात भरली असेल. एकाच ट्रकला पेट्रोल भरायची दोन झाकणं, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. पंप कुठल्याही बाजूला आला तरी सोय व्हावी म्हणून ती दिली असतील, असं मलाही आधी वाटायचं. पण तसं नाही. त्या दोन झाकणांच्या मागे खरोखर दोन वेगळ्या टाक्या असतात.

हे मला कळलं ते भर उन्हात. काही वर्षांपूर्वी एका प्रोजेक्टसाठी मी टेक्सासमध्ये ऑस्टिनला होतो. आमच्या टीम लीडकडे १९७८ चा एक पिकअप होता आणि एका शनिवारी आम्ही त्यातून पश्चिमेकडे मार्फा गावाकडे निघालो. त्या रस्त्यावर दोन पंपांमधलं अंतर बघून आपला जीव घाबरा होतो. वाटेत पहिली टाकी संपत आली, लीडने डॅशबोर्डवरचा छोटा स्विच खाली केला आणि पेट्रोलचा काटा झर्रकन अर्ध्याच्या वर गेला. मी खूश. पाच-सहा मिनिटांनी इंजिनने दोन आचके दिले आणि गाडी बंद! काटा मात्र अजूनही अर्ध्याच्या वरच होता.

लीड शांतपणे ट्रकखाली सरकला, पान्याच्या दांड्याने कशावर तरी दोन ठोके मारले आणि वर आला. थोडा वेळ सेल्फ मारल्यावर गाडी सुरू झाली. ठोके कशावर मारले ते पुढे सांगतो, त्याआधी दोन टाक्या लागायच्याच का ते बघू.

एक टाकी का पुरत नव्हती?

हिशोब सोपा आहे. त्या काळातला मोठा व्ही-८ इंजिनाचा पिकअप लिटरला चार-पाच किलोमीटर चालायचा. शेवरलेच्या लांब हौद्याच्या पिकअपला एका बाजूची टाकी २० गॅलनची, म्हणजे साधारण ७६ लिटरची असायची. त्यात जेमतेम ३०० ते ३८० किलोमीटर. मागे घोड्यांचा ट्रेलर जोडला की त्याहून कमी. दुसरी टाकी घेतली की एकूण ४० गॅलन, म्हणजे सुमारे १५१ लिटर. एवढ्यावर गुराखी माणूस गावात जाऊन परत येऊ शकायचा.

त्यात ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल तोडलं. पंपांवर रांगा लागल्या. शनिवारी रात्रीपासून रविवारी मध्यरात्रीपर्यंत पेट्रोल विकू नका, असं राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी पंपवाल्यांना सांगितलं. अशा वेळी ज्याच्या गाडीला दोन टाक्या, तो निवांत.

एक गैरसमज इथेच दूर करतो. बाबांच्या जुन्या बाइकला जो ऑन, ऑफ आणि रिझर्व्हचा कॉक असतो, तो हा प्रकार नव्हे. 'गाडी रिझर्व्हला लागली' म्हणतो तेव्हा टाकी तीच असते. फक्त आतली एक नळी उंचावर तोंड असलेली आणि दुसरी अगदी तळाशी असते. कॉक फिरवला की तळातलं पेट्रोल यायला लागतं. ट्रकमध्ये मात्र टाक्या दोन, नळ्या दोन, आत पेट्रोल किती आहे ते सांगणारे फ्लोटही दोन. इंजिन आणि काटा मात्र एकच.

काटा खोटं का बोलला?

आता दोन टाक्यांमधून एका इंजिनाला पेट्रोल द्यायचं तर मध्ये एक व्हॉल्व्ह लागतो. फार जुन्या ट्रकमध्ये तो हाताने फिरवायचा. नंतर तो चेसिसजवळ गेला आणि विजेवर चालू लागला. आमच्या ट्रकमधला व्हॉल्व्ह साध्या पद्धतीचा होता. वीज नसताना स्प्रिंगच्या जोरावर तो मुख्य टाकी उघडी ठेवतो. स्विच दाबला की कॉइलमध्ये वीज जाते, आतला दट्ट्या सरकतो आणि दुसरी टाकी उघडते.

पण तो स्विच एकाच वेळी दोन कामं करतो. एक तार व्हॉल्व्हला वीज देते आणि दुसरी काट्याला दुसऱ्या टाकीच्या फ्लोटशी जोडते. या दोन्ही कामांचा आपसात काहीही संबंध नाही! व्हॉल्व्हच्या आतला दट्ट्या गंजून अडकला, तरी काटा इमानदारीत दुसऱ्या टाकीतलं पेट्रोल दाखवत राहणार आणि इंजिन पहिल्याच टाकीतले शेवटचे थेंब ओढत राहणार. आमचं नेमकं हेच झालं होतं. लीडने पान्याने ठोकला तो हाच व्हॉल्व्ह.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा बग रोज भेटतो. रिचार्ज केल्यावर ॲप हिरवी टिक दाखवतं आणि बॅलन्स काही येत नाही, तसंच. स्क्रीनने तुम्ही काय मागितलं ते दाखवलं, काय झालं ते नाही. नंतरच्या काही ट्रकमध्ये काट्याची जोडणी थेट व्हॉल्व्हच्या मोटरमध्येच केली, म्हणजे मोटर खरोखर फिरली तरच काटा बदलणार. माझ्या मते खरी दुरुस्ती ती.

परतीचं पेट्रोल

हा भाग बहुतेक व्हिडिओंमध्ये येतच नाही, आणि धोका इथे जास्त आहे. इंजिनाकडे गेलेलं सगळं पेट्रोल जळत नाही. जास्तीचं पेट्रोल रिटर्न लाइनने टाकीत परत येतं. टाकी एकच असेल तर प्रश्नच नाही. दोन असतील तर ते कुठल्या टाकीत परत जाणार? उत्तर एकच, ज्या टाकीतून निघालं तिथेच. म्हणून नंतरच्या व्हॉल्व्हला सहा तोंडं आली. तीन पेट्रोल नेण्यासाठी, तीन परत आणण्यासाठी. आणि दोन्ही बाजू एकाच वेळी बदलल्या पाहिजेत. एकच बदलली तर पेट्रोल डाव्या टाकीतून निघून उजवीत जमा होत राहतं. उजवी आधीच भरलेली असेल तर ते बाहेर सांडणार, तेही गरम सायलेन्सर असलेल्या गाडीत.

हे नुसतं कागदावरचं नाही. १९८० च्या दशकात इंधन इंजेक्शन आलं, तेव्हा फोर्डने प्रत्येक टाकीत स्वतंत्र पंप दिला आणि पेट्रोल चुकीच्या टाकीत जाऊ नये म्हणून एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा बसवल्या. त्या झडपा कुचकामी झाल्या की एका टाकीचं पेट्रोल दुसरीत घुसायचं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बनलेले दोन टाक्यांचे पिकअप फोर्डने याच कारणासाठी दुरुस्तीला परत बोलावले होते.

टाकी ठेवायची कुठे?

१९७२ पर्यंत शेवरलेच्या पिकअपमध्ये टाकी चक्क केबिनमध्ये, सीटच्या पाठीमागे असायची. १९७३ च्या नव्या मॉडेलमध्ये जनरल मोटर्सने ती तिथून काढली. ही सुधारणाच होती. पण चेसिसच्या दोन लांब पोलादी तुळयांच्या मधे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा आणि सायलेन्सरची पाइप असते. म्हणून टाक्या तुळयांच्या बाहेर, दोन्ही कुशींना लावल्या. जागा मोठी मिळाली, ४० गॅलन बसले. पण आता बाजूने येऊन धडकणारी गाडी आणि पेट्रोल यांच्या मधे फक्त पत्रा उरला.

१९७३ ते १९८७ मध्ये असे ९० लाखांहून जास्त ट्रक विकले गेले. बाजूने धडक बसून आग लागल्याच्या अपघातांवरून खटले उभे राहिले. अशाच एका अपघातात १७ वर्षांचा मुलगा गेला. त्या खटल्यात फेब्रुवारी १९९३ मध्ये अटलांटाच्या ज्युरीने कंपनीला दहा कोटी डॉलरहून जास्त रक्कम द्यायला सांगितली. वरच्या कोर्टाने पुढच्या वर्षी तो निकाल रद्द केला. आमचे ट्रक सरकारी चाचणीच्या नियमात बसतात, हे कंपनीचं म्हणणं शेवटपर्यंत कायम राहिलं.

आणि मधेच एक घोळ झाला. १७ नोव्हेंबर १९९२ ला एनबीसीच्या 'डेटलाइन' कार्यक्रमात अशा ट्रकला आग लागताना दाखवली. आग नक्की लागावी म्हणून ट्रकखाली खेळण्यातल्या रॉकेटची इंजिनं बांधली होती, हे नंतर उघड झालं. फेब्रुवारीत चॅनेलने प्रक्षेपणातच माफी मागितली. खऱ्या प्रश्नाचं यात नुकसानच झालं, कारण लोक टाकीपेक्षा व्हिडिओवरच बोलू लागले.

ऑक्टोबर १९९४ मध्ये अमेरिकेचे वाहतूक मंत्री फेडेरिको पेन्या यांनी या ट्रकमध्ये सुरक्षेचा दोष असल्याचा प्राथमिक निष्कर्ष जाहीर केला. डिसेंबरमध्ये तडजोड झाली. कंपनीने सुरक्षेच्या कार्यक्रमांसाठी पाच कोटी डॉलरहून थोडे जास्त द्यायचे ठरले आणि ट्रक परत बोलावले गेले नाहीत. तोवर १९८८ च्या मॉडेलमध्ये टाकी तुळयांच्या आतल्या बाजूला गेलेलीच होती.

आपल्याकडे असं काही आहे का?

दोन टाक्या आणि एक स्विच आपण रोज बघतो. सीएनजी गाडीत पेट्रोल आणि गॅसमध्ये बदलायचं बटण असतं ते हेच. फक्त तिथे इंधनं दोन आहेत. 'लांब फिरायला जायचंय, एक जादा टाकी बसवून घेऊ का' असा विचार कुणाच्या डोक्यात असेल, तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आधी वाचा. मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि वरचं सगळं वाचल्यावर का ते वेगळं सांगायला नको.

आमच्या लीडने पुढच्या आठवड्यात नवा व्हॉल्व्ह बसवला. तरी काट्यावर त्याचा विश्वास बसला नाही तो नाहीच. प्रत्येक टाकी भरली की तो मीटरवरचे आकडे चिकटपट्टीवर लिहून स्टिअरिंगशेजारी लावायचा. डावीचे निळ्या पेनने, उजवीचे लाल पेनने.